चंदेरी हातावरची स्वच्छ जागा

नोकरीत नेमकं काय केलंत असं कोणी विचारलं की मी सांगते, लोकांची तोंडं हुंगली. ऐकणारा हसतो. त्याला वाटतं, सिस्टर गंमत करतायत. पण उपनगरातल्या एका महापालिकेच्या रुग्णालयात, अपघात विभागात, ज्याला आम्ही सगळे कॅज्युअल्टी म्हणतो, तिथे मी बावीस वर्षं काढली आणि त्यातला बराच वेळ खरोखरच या कामात गेला. पोलीस एखाद्याला दंडाला धरून आणतात, "सिस्टर, एक मेडिकल आहे" म्हणतात, आणि तो माणूस प्यायला आहे की नाही हे आम्ही ठरवायचं. ठरवायचं म्हणजे डॉक्टरांनी. पण डॉक्टर सहा-सहा महिन्यांनी बदलतात, सिस्टर तिथेच असते. त्यामुळे नवा डॉक्टर आधी माझ्याकडे बघायचा आणि मग पेशंटकडे.

या अंकाच्या संपादकांनी मला "कॅज्युअल्टीतले गमतीदार अनुभव" लिहायला सांगितलं होतं. आहेत, गमतीही आहेत. आपण फार हुशार आहोत असा प्यायलेल्या माणसाचा ठाम समज असतो. लवंगा चघळतील, कच्चा कांदा खातील, टूथपेस्ट बोटावर घेऊन चाटतील. एका गृहस्थांनी दाढीनंतर लावायचं लोशन गालाला, मानेला, शर्टाला चोपडलं होतं आणि वर मलाच विचारलं, "सिस्टर, तुम्हाला येतोय तो वास ह्याचा तर नाही ना?" सरळ रेषेत चालून दाखवा म्हटलं की काही जण इतके सरळ चालतात की तिथेच पकडले जातात. शुद्धीतला माणूस थोडा इकडेतिकडे होतोच. एकाने मला शपथेवर सांगितलं की तो खोकल्याचं औषध प्यायला आहे. किती, विचारलं तर म्हणाला, "तीन क्वार्टर."

पण हसून झाल्यावर काम असतं, ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. डॉक्टर तोंडाचा वास, बोलणं, डोळ्यांच्या बाहुल्या, चाल हे सगळं बघून एका फॉर्मवर लिहितात. मात्र कोर्टात त्यावर सतरा शंका निघतात. वजन पडतं ते रक्ताच्या तपासणीचं. आणि हे रक्त घेताना एक पथ्य असतं, जे दुसऱ्या कुठल्याही रक्ताला नसतं. एरवी सुई टोचण्याआधी आम्ही कातडी स्पिरिटने पुसतो. स्पिरिट म्हणजे शेवटी अल्कोहोलच. म्हणून दारूच्या तपासणीचं रक्त असेल तर स्पिरिटला हातसुद्धा लावायचा नाही. निर्जंतुक पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसायचं. मग शिशी बंद करायची, लाखेचं सील लावायचं, आणि डॉक्टरांनी सहीनिशी लिहून द्यायचं की रक्त घेताना अल्कोहोलचा कुठेही संपर्क आलेला नाही. हे मी इतक्या विद्यार्थिनींकडून घोकून घेतलं की माझ्यामागे त्या मला 'पाणीवाल्या सिस्टर' म्हणायच्या. मला ते ठाऊक होतं आणि खोटं कशाला सांगू, आवडायचंही.

दारूबद्दल मला राग आहे, तो पोथीतला नाही. आमचे वडील बुलढाण्याकडून मानखुर्दला आले, गोदामात हमाली केली, पण बाबासाहेबांच्या फोटोसमोर एकदा सोडलेल्या दारूला पुन्हा कधी शिवले नाहीत. त्यामुळे घरात मी ती पाहिली नाही. पाहिली ती ड्यूटीवर. एकदा सकाळी अकराला साकीनाक्याहून शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर आणला होता. व्हॅन दुभाजकावर चढलेली, चार मुलांना टाके पडले. तो माझे पाय धरायला आला. "सिस्टर, आईशपथ, आज थेंब नाय घेतला. काल घेतलेली, पुतण्याची हळद होती." तो खरं सांगत होता. पहाटेपर्यंत पिऊन चार तास झोपलेल्या माणसाच्या रक्तात सकाळी दारू असते, आंघोळ केली तरी असते, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. टाके घालून घेताना त्यातल्या एका चिमुरडीने मला विचारलं, "उद्या काकाच येणार ना सोडायला?"

आणि एक सोळा वर्षांची मुलगी होती. भरदुपारी मैत्रिणींनी तिला रिक्षातून आणून आमच्या दारातल्या उतारावर ठेवलं आणि पळून गेल्या. कॉलेजची सॅक उशाशी. उलटी श्वासात गेलेली. आई आली, बोरिवलीची, बँकेत होती, आणि मुलगी आत व्हेंटिलेटरवर असताना मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "अन्नातून विषबाधा लिहा ना प्लीज. लोक काय म्हणतील?" मी तिला म्हटलं, "बाई, आधी ती जगू दे, मग लोकांचं बघू." मुलगी वाचली. आपल्याकडे कायदा असा आहे की गाडीला अठरा वर्षं, बिअरला एकवीस, कडक दारूला पंचवीस. कायदा पाठ करून कोणी बाटली उघडत नाही, आणि ह्या मुलांना बाटली देणारे बहुतेक वेळा मोठेच असतात. ते मला नीट कळलं एका धुळवडीला.

संपादकांना मी आधी त्या धुळवडीचा किस्सा लिहून पाठवणार होते, जसा मी तो सगळ्यांना सांगत आले तसा. अर्धा लिहिला आणि पेन ठेवलं. आता लिहितेय तो खरा आहे.

धुळवडीला कॅज्युअल्टीचं काय होतं ते बघितल्याशिवाय कळायचं नाही. डोळ्यांत रंग गेलेले, फुगा लागलेले, गच्चीवरून घसरलेले, भांग चढलेले, सगळे एकाच रंगाचे, ओळखायला नावं विचारावी लागतात. दुपारी दीडच्या सुमाराला एकाच अपघातातली दोन माणसं आली. मढकडून येणाऱ्या रस्त्यावर एका मोटारीने फुटपाथच्या कडेने चालणाऱ्या बाईला उडवलं होतं. बाई आधी आली, लोकांनी टेम्पोत घालून आणलेली. मोटार चालवणारा मुलगा दहा मिनिटांनी पोलिसांबरोबर आला.

बाईचं नाव छाया खरात. घरोघरी स्वयंपाकाची कामं करायची. सणाचं मटण एका घरी करून देऊन ती परत निघाली होती. त्या घरच्यांनी दिलेला डबा टेम्पोवाल्याने तिच्याबरोबर आणला होता, झाकण घट्ट, थेंब सांडला नव्हता. तिला मात्र कुठून धरावं कळत नव्हतं. डॉक्टरांनी, मी, वॉर्डबॉयने एक तास जे जे करायचं ते केलं.

शेजारच्या खोलीत तो मुलगा. एकोणीस वर्षांचा. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. कोणीतरी त्याला चंदेरी वॉर्निश रंग फासला होता, तोंड, गळा, दोन्ही हात खांद्यापर्यंत. स्टुलावर बसून तो पुढेमागे झुलत होता. दोनदा उलटी केली, तिचा वास मी सांगायला नको. मध्येच रडायचा. मला म्हणाला, "ती आंटी ठीक आहे ना? सिस्टर, सांगा ना, ठीक आहे ना?" आणि लगेच, "मम्मीला सांगू नका हां."

त्याचे वडील तोवर पोचले होते. पांढरा झब्बा, त्यावर बेताचा गुलाल, सुशिक्षित सभ्य माणूस. ते हवालदार तावड्यांना बाजूला घेऊ बघत होते. तावडे मालवणकडचे, आमच्याकडे मेडिकल आणून आणून घरच्यासारखे झालेले. ते काही दाद देईनात, तेव्हा वडील माझ्याकडे वळले.

"सिस्टर, चांगल्या घरातला मुलगा आहे हो. आम्ही सगळ्या फॅमिली मिळून मढला बंगला घेतला होता दिवसभराला. मी स्वतः त्याला दोन बिअर दिल्या. म्हटलं बाहेर चोरून कुठेतरी पिण्यापेक्षा आपल्या डोळ्यांसमोर घेऊ दे. जबाबदारीने."

"आणि गाडीची किल्ली?" मी विचारलं.

त्यांनी झब्ब्यावरचा गुलाल झटकला. मग म्हणाले, "बर्फ संपला होता. जवळच जायचं होतं."

"बापूस पाजता नि बापूसच चावी देता," तावडे माझ्याकडे बघून म्हणाले. "घ्या सिस्टर रगत. लवकर घ्या, नायतर हेचो वकील येतलो."

लवकर घ्यायला हवंच होतं. रक्तातली दारू तासातासाने उतरते, म्हणून तर असली माणसं वेळ काढत बसतात. देसाई डॉक्टर नवीन होते, चार महिन्यांचे, छायाच्या खाटेवरून धावत आलेले. त्यांनी मला शीर शोधून ठेवायला सांगितली आणि ग्लोव्हज बदलायला गेले. मी त्या मुलाचा हात धरला. कोपराच्या खळगीत चंदेरी रंगाचा थर, खाली शीर आहे की नाही काही दिसेना. पाण्याच्या कापसाने पुसलं. वॉर्निश पाण्याने निघतं का? घासलं. कापूस चंदेरी झाला, हात होता तसाच. पलीकडून मला हाक आली, "सिस्टर, बीपी लागत नाही!" माझा हात ट्रॉलीवर गेला, स्पिरिटची बाटली घेतली, कापूस भिजवला आणि दोन वेळा घासून खळगी लख्ख केली. शीर दिसली. मग वरून पाण्याच्या कापसाने पुन्हा पुसलं. म्हटलं, उडून गेलं स्पिरिट.

देसाई आले, सुई घातली, रक्त घेतलं. सील केलं. फॉर्मवर सही केली. त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी विश्वासाने सही केली, कारण ट्रे पाणीवाल्या सिस्टरने लावला होता.

त्या क्षणी माझ्याकडे दोन मिनिटं होती. दुसरा हात होता. "डॉक्टर, माझ्याकडून स्पिरिट लागलं, दुसऱ्या हातातून परत घेऊ या" एवढंच म्हणायचं होतं. त्या हाताच्या रंगाला खोबरेल तेल चाललं असतं आणि केसांना लावायची तेलाची बाटली माझ्या पिशवीत कायम असायची, दहा पावलांवर. हे सगळं मला तेव्हाच सुचलं होतं, नंतर नाही. पण चार महिन्यांच्या पोरगेल्या डॉक्टरसमोर, आणि त्या झब्बेवाल्यासमोर, चूक झाली म्हणायला माझी जीभ उचलली नाही. तावड्यांनी शिशी घेतली आणि मी छायाकडे धावले. ती गेली होती.

तिचा नवरा तासाभराने आला. उत्तम खरात. साकीनाक्याला एका गाळ्यात नळाच्या तोट्या पॉलिश करायचं काम करायचा. सणाचीही अर्धी पाळी होती, तशाच काळ्या हातांनी आलेला. खूप वेळ बाकावर बसून राहिला. मग उठून माझ्याजवळ आला, छातीवरची नावाची पट्टी वाचली, तायडे, आणि हात जोडले.

"जयभीम ताई. तुम्ही आपल्या आहात म्हणून विचारतो. तो प्यायलेला होता ना?"

"हो," मी म्हटलं.

"पैसेवाले दिसतात. सुटंल तो."

"नाही सुटणार," मी म्हटलं. "मी स्वतः रक्ताला उभी होते. काळजी करू नका, भाऊ. नाही सुटणार तो."

हे मी बोलले. कोणी बोलायला लावलं नव्हतं.

केस उभी राहायला काही वर्षं गेली. रक्ताचा रिपोर्ट आला होता, दारू भरपूर होती. दोन बिअरची तर नक्कीच नव्हती. बाहेरच्यांना हे कळत नाही, म्हणून सांगते. दारू सिद्ध झाली तर सरकार म्हणू शकतं की माणूस मरेल हे ठाऊक असून याने गाडी हाकली, सदोष मनुष्यवध. दारू सिद्ध नाही झाली तर उरतो तो निष्काळजीपणा, आणि निष्काळजीपणा कोर्टात स्वस्त असतो. म्हणजे सगळं त्या शिशीवर आलं होतं.

देसाई डॉक्टर पुढे शिकायला परगावी गेले होते, तिथून येऊन साक्ष देऊन गेले. त्यांनी सांगितलं की पाण्यानेच पुसलं होतं. त्यांच्या दृष्टीने ते खरंच होतं. दुसऱ्या तारखेला मी उभी राहिले. सरकारी वकिलांनी ट्रेबद्दल, सीलबद्दल नेहमीचे प्रश्न विचारले, मी नेहमीची उत्तरं दिली. उत्तम मागच्या बाकावर होता, पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट घालून. तारखेला तो तोच शर्ट घालायचा.

मग मुलाचे वकील उठले. आवाज चढवणारे नव्हते, फार अदबीने बोलायचे. त्यांनी एक फोटो माझ्यापुढे धरला. मुलाच्या मित्राने कॅज्युअल्टीच्या दारातून मोबाइलवर काढलेला, मित्रांच्या ग्रुपवर टाकायला. मुलगा स्टुलावर, हात पुढे.

"हा हात पेशंटचाच ना, सिस्टर?"

"हो."

"रंग कुठला?"

"चंदेरी."

"सगळीकडे?"

मी फोटो बघितला. खांद्यापासून मनगटापर्यंत हात चंदेरी होता आणि कोपराच्या खळगीत रुपयाएवढी गोरी स्वच्छ जागा होती.

"इथे नाही," मी म्हटलं.

"असला वॉर्निश रंग पाण्याने निघतो का हो?"

मी फोटोवरून नजर काढून कठड्यावर हात टेकवले.

"तुम्ही विद्यार्थिनींना हेच शिकवता ना, की स्पिरिट वापरायचं नाही? मग आम्हाला सांगा, ही जागा तुम्ही कशाने पुसली?"

'पाण्याने' म्हटलं असतं तर ते धडधडीत खोटं होतं, पण छायाच्या बाजूचं होतं. 'स्पिरिटने' म्हटलं असतं तर केस पडली असती, पण मी खरी ठरले असते. माझ्या डोक्यात तेव्हा छाया नव्हती. माझ्या डोक्यात होतं की चौकशी लागेल, देसाईंची सही खोटी ठरेल, निवृत्तीला थोडी वर्षं राहिलीत, आणि ज्या पोरींकडून मी घोकून घेतलं त्या काय म्हणतील.

"आठवत नाही," मी म्हटलं.

"आठवत नाही?"

"बरीच वर्षं झाली, साहेब."

"ठीक आहे," वकील म्हणाले आणि बसले. त्यांना तेवढं पुरेसं होतं. कापसावरच्या स्पिरिटाने रक्तात तेवढी दारू येत नाही, हे मला माहीत आहे, त्यांनाही माहीत असणार. पण शंका ती शंका, आणि शंकेचा फायदा कोणाला जातो ते ठरलेलं आहे. उलटी, वास, झुलणं, सगळ्याला उत्तर निघालं. वास म्हणे मित्रांनी अंगावर ओतलेल्या बिअरचा, झुलणं म्हणे अपघाताच्या धक्क्याचं. वडिलांनी मला जे सांगितलं होतं ते कोणी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

कोर्टाबाहेर जिन्यावर उत्तमने मला गाठलं. या वेळी हात जोडले नाहीत.

"ताई, किती दिले त्यांनी?"

"काय?"

"नाही, म्हणजे कळू द्या ना. आपल्या माणसाचा भाव काय लागला."

आपण पैसे घेतले नाहीत हे सांगायचं तर मग काय घडलं तेही सांगावं लागलं असतं. मी पायऱ्या उतरून रिक्षा केली. पुढे निकाल लागला. निष्काळजीपणा तेवढा धरला, आणि मुलाचं वय, शिक्षण, पहिलाच गुन्हा बघून चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर त्याला सोडलं. मला ते तावड्यांनी फोनवर सांगितलं. "जाऊ दे सिस्टर, तुमी काय करतल्यात," ते म्हणाले.

त्यानंतर मी फार कडक झाले. मेडिकलच्या खोलीत स्पिरिटची बाटली ठेवूच दिली नाही. धुळवडीच्या आदल्या दिवशी खोबरेल तेलाची बाटली स्वतःच्या पैशाने आणून त्या कपाटात ठेवायचे आणि वर चिठ्ठी लावायचे, 'रंगासाठी'. नव्या सिस्टर म्हणायच्या, काय दूरदृष्टी आहे तायडे सिस्टरची. निरोप समारंभात एकीने भाषणात त्या तेलाच्या बाटलीचा उल्लेख केला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हार घालून खुर्चीत बसले होते. घरी आल्यावर मला ताप भरला.

तर संपादकांसाठी मी तो किस्सा लिहायला घेतला, वकिलाने साक्षीदाराला कसं कोंडीत पकडलं वगैरे. 'आठवत नाही' या वाक्याशी आले आणि पुढे जाता येईना. मग ठरवलं की लिहीन तर खरं लिहीन, आणि खरं लिहायचं तर ते छापून येण्याआधी एका माणसाला माझ्या तोंडून कळलं पाहिजे. तावड्यांकडून गाळ्याचा पत्ता मिळाला. गेल्या महिन्यात एका दुपारी बस पकडून साकीनाक्याला गेले.

गल्लीत दोन्ही बाजूंनी गाळे, मशिनांच्या आवाजात स्वतःचं बोलणं ऐकू येत नव्हतं. जेवणाची सुट्टी झाली तसे एकेक आवाज बंद होत गेले. उत्तम पॉलिशच्या चाकासमोर बसला होता. केस पिकलेत. त्याने मला ओळखलं, पण उठला नाही. बाजूच्या डब्यातली कापसाची लडी घेतली, मशीन पुसायला असते तसली, आणि हात पुसायला लागला.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. रंग, बाटली, दुसरा हात, माझ्या पिशवीतलं तेल, सगळं. 'आठवत नाही' म्हणाले तेव्हा मला लख्ख आठवत होतं, हेही सांगितलं. त्याने मध्ये एकदाही थांबवलं नाही. हात पुसायचा मात्र थांबला होता.

"म्हणजे पैसे नव्हते घेतले?"

"नाही, भाऊ."

"एक रुपयापण नाय?"

"नाही."

तो चाकाकडे वळला. "मी रोज शिव्या घालायचो तुम्हाला," तो म्हणाला. "त्या पोराला नाय, त्याच्या बापाला नाय. तुम्हाला. आपली बाई विकली गेली म्हणून. इथे मशीनवर बसलो ना, की तोंडानं चालूच असायचं. आता मी कोणाला घालू?"

मी म्हटलं, "मलाच घाला."

"आता नाय जमणार," तो म्हणाला. "चुकीला कशा शिव्या घालायच्या?"

मी त्याला अंकाचं सांगितलं. तुमची हरकत असेल तर छापायला देत नाही, म्हटलं. त्याने मान हलवली. "छापा. तिचं नाव घाला फक्त. पेपरात तेव्हा 'एक महिला' एवढंच आलं होतं." म्हणून वर तिचं नाव लिहिलं आहे. छाया उत्तम खरात.

मी निघाले तसा तो म्हणाला, "ताई, थांबा." हातातल्या लडीतून त्याने कापूस तोडला आणि माझ्यासमोर धरला. "एवढा होता?"

मला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा मी मान हलवली. "एवढा नाही. कमी."

त्याने त्यातला अर्धा तोडून टाकला. "एवढा?"

"अजून कमी."

त्याने पुन्हा तोडला. आता त्याच्या काळ्या अंगठ्यावर मावेल एवढाच राहिला होता. मी हो म्हटलं. तो त्याने उजेडाकडे धरून नीट पाहिला, बोटांत दाबून पाहिला, आणि मग माझा हात पुढे ओढून माझ्या तळव्यावर ठेवला.

"हा तुम्ही घेऊन जा," तो म्हणाला. "माझ्याकडे नको."

गल्लीतली मशीनं एकेक करून पुन्हा सुरू झाली. बसस्टॉपवर कचऱ्याचा डबा होता. मी त्याच्या शेजारी वीसेक मिनिटं उभी होते. बस आली, मी चढले, आणि कंडक्टर तिकिटाचे पैसे मागायला आला तेव्हा मला मूठ उघडावी लागली.